रिलीफचं सामान वेळेवर आणि परवडेल असं कसं पोचवायचं: नवीन लोकांसाठी पायरी पायरीने

भूकंप, पूर, चक्रीवादळ, काहीही आलं की पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त ऐकू येणारा प्रश्न म्हणजे "काय पाठवू?" आणि सगळ्यात कमी ऐकू येणारा म्हणजे "तिथे ते उतरवून कोण घेणार?" या कामात नवीन असाल तर दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करा, अर्धी डोकेदुखी तिथेच कमी होते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. रिलीफच्या एकूण खर्चातला साधारण ६० ते ८० टक्के भाग खरेदी, वाहतूक, साठवण, वाटप या साखळीत जातो असं या क्षेत्रात धरून चालतात. म्हणजे पैसे वाचवायचे असतील तर ऑफिसचा चहा बंद करून काही होणार नाही, ट्रक, गोडाऊन आणि ऑर्डर इथेच बघावं लागेल. आणि "स्वस्त करू की भरवशाचं करू" असा जो वाद मीटिंगमध्ये रंगतो ना, तो बऱ्याचदा फुकटचा असतो, कारण दोन्हीची वाट एकाच गोष्टीने लागते, ती म्हणजे आयत्या वेळची घाई. आयत्या वेळी केलेली खरेदी महाग पडते आणि उशिराही येते. जी कामं आधी करून ठेवता येतात ती केली की पैसेही वाचतात आणि सामानही वेळेत पोचतं. बाकी सगळा लेख म्हणजे ही कामं कोणती आणि कशी करायची तेवढंच.

पायरी १: आकडेमोड करा, अंदाज नको

किती माणसं, किती दिवस, माणशी किती. एवढं साधं गणित आहे पण गडबडीत ते कुणी करतच नाही, सगळे "भरपूर पाठवा" म्हणून मोकळे होतात. माणशी किती यासाठी स्फिअरची मानकं वापरा. १९९७ साली बऱ्याच मदतसंस्थांनी मिळून ही मानकं बनवायला घेतली, आता जगभर तीच चालतात. पाणी माणशी दिवसाला किमान १५ लिटर (पिणं, स्वयंपाक, धुणं, आंघोळ सगळं धरून), अन्न माणशी २,१०० किलोकॅलरी, निवाऱ्यात माणशी साडेतीन चौरस मीटर जागा, २५० माणसांमागे एक नळ.

आता समजा २,००० कुटुंबं आहेत, म्हणजे धरा १०,००० माणसं. पाणी लागेल दिवसाला दीड लाख लिटर, म्हणजेच रोज १५० टन, १०,००० लिटरच्या टँकरच्या १५ खेपा, रोज. कोरडा शिधा माणशी अर्धा किलो धरला तर दिवसाला ५ टन. ताडपत्री कुटुंबाला दोन, चार बाय सहा मीटरची एक साधारण पाच किलोची, म्हणजे ४,००० नगांचे २० टन, पण हे एकदाच.

हे तीन आकडे शेजारी शेजारी लिहून बघा. पाणी रोज १५०, अन्न रोज ५, ताडपत्री एकदाच २०. टीव्हीवर दिसतात शिध्याची पाकिटं आणि ब्लँकेटं, पण वजनाच्या हिशोबात पाण्याच्या जवळपास काहीही जात नाही. म्हणूनच बाटलीबंद पाणी ट्रकने वाहणं ही पहिल्या एक-दोन दिवसांपुरती ठीक असलेली गोष्ट आहे, त्यापुढे ती पैशाची नासाडी आहे. आसपास बऱ्यापैकी स्वच्छ पाण्याचा स्रोत असेल तर लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन असा डोस धरा, दीड लाख लिटरला ३०० ग्रॅम क्लोरीन होतं, म्हणजे ६५-७० टक्के ताकदीची क्लोरीन पावडर अर्धा किलोच्या आत. रोज १५० टन वाहायचं की टाक्या, पंप, पाइप एकदा नेऊन टाकायचे आणि मग रोज अर्धा किलो पावडर वापरायची, निवड तुमची. (पाणी गढूळ असेल तर आधी तुरटी वगैरे टाकून गाळ बसवावा लागतो, आणि नेमका डोस तिथल्या पाण्यावर टेस्ट करूनच ठरवायचा, नळाशी क्लोरीन थोडं शिल्लक राहिलं पाहिजे. हा आकडा ट्रकचा हिशोब करायला आहे, बादलीत टाकायला नाही.)

असंच प्रत्येक वस्तूला विचारायचं, ही रोज संपणारी आहे की एकदाच लागणारी? रोज संपणाऱ्या वस्तूंना पाइपलाइन, म्हणजे माल सतत येत राहील अशी साखळी, लागते, एकदाच लागणाऱ्यांना नुसता साठा पुरतो. हा फरक डोक्यात नसला की महिन्याभराने गोडाऊनमध्ये ब्लँकेटांचा डोंगर उभा असतो आणि साबण संपलेला असतो.

पायरी २: काय नको ते आधी जाहीर करा

"आम्हाला हे हवंय" अशी यादी सगळे काढतात, "हे पाठवू नका" अशी यादी फार कमी जण काढतात. आणि खरे पैसे दुसरी यादी वाचवते, कारण नको असलेलं सामान फुकट कधीच येत नसतं, ते रनवेवर जागा अडवतं, हमाल खातं, गोडाऊन भरतं आणि शेवटी ते जाळायला किंवा पुरायलाही पैसे लागतात.

१९८८ च्या डिसेंबरमध्ये आर्मेनियात भूकंप झाला तेव्हा जगभरातून किमान ५,००० टन औषधं आणि वैद्यकीय सामान आलं. त्यातलं लगेच ओळखून वापरता येईल असं साधारण ३० टक्केच निघालं, बाकीच्यावर लेबल कळत नाही, भाषा वेगळी, मुदत संपलेली, किंवा तिथे गरजच नाही. ते नुसतं वेगळं करायला माणसं महिनोन् महिने बसली होती. जागतिक आरोग्य संघटनेने १९९६ मध्ये औषधदानाचे नियम काढले ते अशाच अनुभवांमधून: मागितल्याशिवाय पाठवायचं नाही, जेनेरिक नाव लिहिलेलं असावं, पोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक असावी. औषधांच्या बाबतीत सोपा मार्ग म्हणजे तयार इमर्जन्सी हेल्थ किट, ते १०,००० लोकांना ३ महिने पुरेल अशा हिशोबाने बांधलेलं असतं, तेच मागवा. घराघरातून उरलेल्या गोळ्या गोळा करण्याच्या भानगडीत अजिबात पडू नका.

जुने कपडे हा तर वेगळाच विषय. देणाऱ्याचं मन मोडवत नाही म्हणून लोक घेत बसतात. स्पष्ट नाही म्हणा, गोड भाषेत म्हणा पण म्हणा, आणि त्यांना पैशाच्या मदतीकडे वळवा.

तरीही न मागितलेलं येणारच. त्यासाठी गोडाऊनच्या दाराशीच तीन ढीग करा: लगेच लागणारं, नंतर लागेल असं, आणि कामाचं नसलेलं. तिसऱ्या ढिगाला चांगल्या गोडाऊनमध्ये एक चौरस फूटही द्यायचा नाही. एकाच खोक्यात कपडे, बिस्किटं, औषधं असं मिक्स आलं तर ते सरळ दुसऱ्या ढिगात, ते उघडून निवडत बसायला पहिल्या आठवड्यात माणसं नसतात.

पायरी ३: शांततेच्या काळात करार

ही पायरी सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात जास्त पैसे वाचवणारी.

ताडपत्री, कॅन, साबण, शिधा यांचे दोन-तीन सप्लायर आधीच ठरवा आणि त्यांच्याशी फ्रेमवर्क करार करा. त्यात माल घ्यायचं बंधन नसतं, पण दर, दर्जा, पॅकिंग आणि किती दिवसांत किती माल देणार हे ठरलेलं असतं. पूर आल्यावर टेंडर काढत बसलात तर दोन-तीन आठवडे तिथेच गेले, आणि टेंडर न काढता घेतलंत तर ऑडिटवाले वर्षभर मागे लागतात. करार असला की नुसती ऑर्डर सोडायची. काही सप्लायर थोड्या जास्त दराने तुमच्या नावचा माल त्यांच्याच गोडाऊनमध्ये राखून ठेवतात आणि जुना होण्याआधी आपल्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला विकून नवीन भरतात, असं कुणी मिळालं तर सोडू नका, मुदतीची कटकट त्यांच्याकडे जाते.

सगळी ऑर्डर एकाकडे देऊ नका. ७०-३० अशी वाटा. दुसऱ्याचा दर जरा जास्त असेल तरी चालेल, कारण पहिल्याची फॅक्टरीच पाण्याखाली गेली तर तुमच्याकडे निदान कुणीतरी चालू सप्लायर असतो ज्याला तुमचं स्पेसिफिकेशन माहीत आहे.

ट्रान्सपोर्टरशीही असाच करार. त्यात एक ओळ लोक नेहमी विसरतात, गाडी थांबून राहिली तर दिवसाचं काय? आपत्तीत गाड्या धावण्यापेक्षा उभ्याच जास्त असतात, पूल वाहून गेलाय, गोडाऊन भरलंय, सही करणारा साहेब फील्डवर गेलाय. थांबण्याचा दर आधी ठरलेला नसेल तर मग तोंडाला येईल तो आकडा ऐकायची तयारी ठेवा.

पायरी ४: थोडा साठा आधीच ठेवा, पण कशाचा ते बघून

सगळ्याचा साठा करायला कुणाकडेच पैसे नसतात आणि गरजही नसते. साठ्याला योग्य वस्तू म्हणजे जी पहिल्या तीन दिवसांत लागते, बनवायला वेळ खाते, आणि गोडाऊनमध्ये पडून राहिली तरी खराब होत नाही. ताडपत्री, घडीचे पाण्याचे कॅन, दोरी, स्वयंपाकाच्या भांड्यांचे सेट, पाण्याच्या टाक्या. शिध्याचा मोठा साठा शक्यतो टाळा, ठेवलाच तर फिरता ठेवा, म्हणजे जुना वापरत नवा भरत राहा.

संयुक्त राष्ट्रांचे रिलीफ डेपो आहेत, इटलीत ब्रिंडिसी, शिवाय दुबई, घानात आक्रा, पनामा वगैरे, जागतिक अन्न कार्यक्रम ते चालवतो आणि तिथे अनेक संस्था आपापला माल ठेवतात, एका फोनवर एक-दोन दिवसांत विमानात चढेल अशा तयारीने. छोट्या संस्थेनेही हीच आयडिया उचलावी, स्वतःचं गोडाऊन घेण्यापेक्षा चार संस्थांनी मिळून एक घ्या.

जागा निवडताना एकच बघा, ज्या आपत्तीसाठी साठा ठेवताय त्याच आपत्तीत गोडाऊन सापडणार नाही ना. ऐकायला विनोद वाटतो पण नदीकाठची गोडाऊनं स्वस्त मिळतात म्हणून पुराचं सामान तिथेच ठेवलेलं असतं. दोन वेगवेगळ्या रस्त्यांनी पोचता येईल अशी जागा हवी.

नेपाळचं उदाहरण या बाबतीत फार बोलकं आहे. काठमांडूच्या विमानतळाला मोठ्या विमानांसाठी एकच रनवे, भूकंप येणार हे सगळ्यांना माहीत, म्हणून विमानतळाला लागूनच माल उतरवायची, वर्गवारी करायची आणि पुढे काढायची जागा तयार केली, आणि ती २०१५ च्या मार्चमध्ये सुरू झाली. भूकंप आला २५ एप्रिलला. पुढे काही दिवसांत रनवे खराब होतोय म्हणून अवजड विमानांना बंदी घालावी लागली, अशा परिस्थितीत ती जागा नसती तर आलेला माल रनवेच्या कडेलाच साचला असता.

पायरी ५: विमान फक्त सुरुवातीला

हवाई वाहतूक जहाज किंवा रस्त्याच्या कितीतरी पट महाग. म्हणून पद्धत अशी ठेवा की पहिल्या दिवशी दोन ऑर्डर एकदम सोडायच्या, पहिल्या एक-दोन आठवड्यांपुरतं विमानाने आणि उरलेलं सगळं त्याच दिवशी रस्त्याने किंवा जहाजाने रवाना. विमानाने फक्त तेवढे दिवस विकत घ्यायचे जेवढे दिवस जहाजाला यायला लागतात. बरेच जण काय करतात, विमानाने पाठवतात, निवांत होतात, दोन आठवड्यांनी साठा संपत आला की परत विमान. समुद्राची ऑर्डर पहिल्याच दिवशी न सोडणं ही या धंद्यातली सगळ्यात महागडी सवय आहे.

अजून एक, विमानाचं भाडं वजनावर आणि आकारमानावर दोन्ही मोजतात आणि जे जास्त भरेल ते लावतात. साधारण एक घनमीटरला १६७ किलो धरतात. म्हणजे रिकाम्या कडक कॅनचा घनमीटरभर ढीग काट्यावर ४०-५० किलो भरला तरी बिल १६७ चं, हवेचं भाडं भरताय तुम्ही. त्याऐवजी घडीचे कॅन घ्या, एकात एक बसणाऱ्या बादल्या घ्या, फोमच्या गाद्या तर विमानात चढवूच नका.

आणि विमानतळावर पोचलं म्हणजे पोचलं असं समजू नका. १२ जानेवारी २०१० ला हैतीत भूकंप झाला, पोर्ट-ओ-प्रिन्सच्या विमानतळाला एकच रनवे, कंट्रोल टॉवर खराब झालेला, बंदराचे धक्के कोसळलेले, आणि सगळं जग एकदम विमानं घेऊन आलं. विमानं घिरट्या घालून परत जात होती. पैसे होते, सामान होतं, मनं पण होती, उतरवायला जागा नव्हती. तेव्हा माल पाठवायच्या आधी तिथल्या माणसाला विचारा, आज किती टन उतरवून घेऊ शकता? त्याने २० सांगितलं तर २० पाठवा, ४० नाही.

पायरी ६: कागद मालाच्या आधी पोचले पाहिजेत

दुसऱ्या देशात माल जाणार असेल तर इन्व्हॉइस (दान असलं तरी किंमत लिहावीच लागते, शून्य लिहिलं की कस्टम्सवाला संशयाने बघतो), पॅकिंग लिस्ट, एअरवे बिल (विमानाने माल पाठवल्याची पावती) किंवा जहाजाचं बिल ऑफ लेडिंग (तशीच जहाजाची पावती), दानपत्र, आणि माल घेणाऱ्याचं बरोबर नाव. माल निघायच्या आधी हा सेट पलीकडच्या माणसाला मेल करा आणि तो वाचून "चालेल" म्हणाल्यावरच गाडी हलवा. करमाफी आपोआप मिळत नसते, ती कुणीतरी अर्ज करून आणावी लागते. सॅटेलाइट फोन आणि वायरलेस सेट तर हमखास अडकतात, त्यावर १९९८ चा टाम्पेरे करार आहे आपत्तीतल्या दूरसंचार सामानासाठी, पण तो ज्या देशांनी मान्य केलाय तिथेच उपयोगी, त्यामुळे देश कोणता ते बघून परवानगीचं काम आधी सुरू करा.

देणारा म्हणतो "माल आम्ही फुकट पोचवतो", तेव्हा लगेच विचारा कुठपर्यंत. बंदरापर्यंत की गोडाऊनच्या दारापर्यंत? मधला खर्च कधी कधी मालाच्या किमतीएवढा होतो आणि तो तुमच्या बजेटमध्ये नसतो.

पायरी ७: एकच तक्ता, आणि युनिट लिहा

महागडं सॉफ्टवेअर नसलं तरी चालेल, एक एक्सेल शीट पुरते. कॉलम असे: वस्तू, युनिट, मागणी किती, ऑर्डर किती, वाटेत किती, गोडाऊनला किती, वाटलं किती, आणि शेवटचा सगळ्यात महत्त्वाचा, आहे तो साठा किती दिवस पुरेल. रोज संध्याकाळी एकाच माणसाने भरायचं. शीट चार जणांच्या लॅपटॉपवर चार व्हर्जनची झाली की संपलं.

युनिटचा कॉलम का म्हणतोय ते सांगतो. फील्डवरून व्हॉट्सअ‍ॅप येतो, "ब्लँकेट ४००". ४०० नग की ४०० गाठी? एका गाठीत २० नग असतील तर ४०० नग म्हणजे २० गाठी, टेम्पोत मावतील, आणि ४०० गाठी म्हणजे ८,००० नग, त्याला मोठे ट्रक लागतील. दोन्ही आकडे पटण्यासारखे आहेत हीच अडचण, त्यामुळे कुणी परत विचारतच नाही. म्हणून मागणीच्या फॉर्मवर "नग" छापूनच ठेवा आणि गाठी, पेट्या, पोती हे शब्द फक्त गोडाऊनच्या कागदावर येऊ द्या. औषधात तर गोळी, पट्टी आणि डबा यात असा घोळ होतो की विचारू नका.

तक्त्याचा दुसरा उपयोग म्हणजे थांबवणं. २००५ मध्ये अमेरिकेत कतरिना वादळाच्या वेळी सरकारी आपत्ती यंत्रणेने बर्फ प्रचंड प्रमाणात मागवला, ट्रक निघाले, गरज कमी झाली तरी ऑर्डर वेळेत आवरल्या गेल्या नाहीत, बर्फाचे ट्रक देशभर फिरत राहिले, काही तर पार वरच्या मेन राज्यापर्यंत गेले. उरलेला बर्फ दोन वर्षं कोल्ड स्टोरेजचं भाडं भरून ठेवला आणि २००७ मध्ये फेकून दिला. बर्फ! तेव्हा प्रत्येक चालू ऑर्डरसमोर लिहून ठेवा की ही कुणी, कधी आणि कोणत्या आकड्याला थांबवायची.

पायरी ८: ट्रकचं गणित

किती ट्रक लागतील हे दिवसाच्या टनावर ठरत नाही, फेरीला किती दिवस लागतात त्यावर ठरतं. रोज ५ टन शिधा न्यायचाय, गाडी ५ टनाची, एक दिवस जायला, एक दिवस उतरवायला, एक दिवस यायला, म्हणजे फेरी ३ दिवसांची, तर रोज एक गाडी पोचायला ३ गाड्या लागतील आणि एक बिघडली तर म्हणून चौथी. आता उतरवायला एकाऐवजी दोन दिवस लागू लागले की लगेच अजून एक गाडी. म्हणजे तिकडे हमाल कमी ठेवून वाचवलेले पैसे इकडे ट्रकच्या भाड्यात जातात, आणि वर ड्रायव्हर पण वैतागतो. उतरवण्यावर खर्च करा, तिथे हात आखडू नका.

रस्ता आधी बघून घ्या. पुलाची वजनमर्यादा, कमानीची उंची, वळणावर लांब गाडी वळते का. मोठी गाडी मोठ्या रस्त्यावरच्या गोडाऊनपर्यंत, तिथून छोट्या गाड्या, त्यापुढे जे मिळेल ते. नेपाळात तर रस्ताच नसलेल्या गावांसाठी भारवाही आणि खेचरं लावली होती, हेलिकॉप्टरपेक्षा खूप स्वस्त, शिवाय ज्यांचा रोजगार बुडालाय त्यांना मजुरी मिळाली.

डिझेलची सोय स्वतःची ठेवा, वीज गेली की पंप चालत नाहीत. ड्रायव्हरचे पैसे आणि जेवण वेळेवर द्या. एवढं केलं तर पुढच्या वेळी रात्री अकराला फोन केला तरी गाडी मिळते.

पायरी ९: गोडाऊन

याबद्दल थोडक्यातच. माल जमिनीवर नाही, पॅलेटवर (लाकडी फळ्यांच्या चौकटीवर), भिंतीपासून माणूस जाईल एवढा लांब. प्रत्येक थप्पीला एक कार्ड: आलं किती, गेलं किती, शिल्लक किती. ज्याची मुदत आधी संपते ते आधी बाहेर. क्लोरीन पावडर अन्न, डिझेल, कपडे, कशाजवळही नको, ती स्वतः जळत नाही पण दुसऱ्याला पेटवते, तिला वेगळी, कोरडी, हवेशीर खोली हवी, आणि विमानाने नेताना ती धोकादायक माल म्हणून जाहीर करावी लागते.

गाडी आली की मोजल्याशिवाय सही नाही. कमी निघालं तर त्याच चलानावर, त्याच क्षणी, ड्रायव्हरसमोर लिहायचं "१२ नग कमी, ३ फाटलेले" आणि दोघांच्या सह्या. "नंतर फोन करून सांगतो" म्हटलेलं कधीच भरून येत नाही.

पायरी १०: वाटप

पाकीट किती जड आहे ते उचलून बघा. ५० किलोचं पोतं गोडाऊनला सोयीचं, पण म्हातारी बाई ते घरी कसं नेणार? मग ती नेऊन द्यायला कुणालातरी त्यातलंच थोडं देते. २५ किलोचं किंवा त्याहून लहान पॅकिंग करारातच लिहिलं तर जादा खर्च नगण्य असतो. यादी आधी लावा, वेळ वाटून द्या, पाण्याची आणि सावलीची सोय करा. आठवड्याने चार घरी जाऊन विचारा, काय वापरलं आणि काय नाही. वाटलेलं सामान बाजारात विकायला दिसलं तर लोकांवर चिडू नका, त्यांना दुसरं काहीतरी जास्त हवंय एवढाच त्याचा अर्थ.

आणि इथेच तो मोठा प्रश्न येतो, सामान द्यायचं की थेट पैसे? तीन गोष्टी बघा. बाजार चालू आहे का, दुकानदार आठ-दहा दिवसांत माल परत भरू शकतो का, आणि पैसे सुरक्षित पोचवायची सोय आहे का. तिन्हीला हो असेल तर बहुतेक वस्तूंसाठी पैसेच द्या, तुमचा ट्रक, गोडाऊन, चोरी, सगळं वाचतं आणि दुकानदार पण उभा राहतो. बाजारच बुडालेला असेल तर पैसे वाटून फक्त भाव वाढतील. क्लोरीन, औषधं, लसी यांसारख्या दर्जा तपासावा लागणाऱ्या गोष्टी मात्र सामानातच द्या.

खर्च कसा मोजायचा

खरेदीचा दर बघून खुश होऊ नका, वापरण्याजोगा एक नग माणसाच्या हातात पडायला किती लागले ते मोजा. उदाहरणार्थ चांगली ताडपत्री १०० ला, स्वस्तातली ८० ला. स्वस्तातल्या १,००० घेतल्या, ८०,००० गेले, त्यातल्या ३०० महिन्यात फाटल्या. उरल्या ७००, म्हणजे एक पडली ११४ ला, आणि फाटलेल्यांच्या जागी परत नेण्याचं भाडं अजून धरलेलंच नाही. हाच हिशोब वाहतुकीला, हाच पॅकिंगला.

शक्य असेल तर पैसा आपत्तीच्या आधी हलवा. २०२० च्या जुलैमध्ये बांगलादेशात पुराचा अंदाज आल्यावर संयुक्त राष्ट्रांच्या आपत्कालीन निधीतून पाणी शिखराला पोचायच्या आधीच पैसे सोडले गेले. त्यासाठी कोणता आकडा ओलांडला की काय करायचं हे आधीच लिहून ठेवलेलं लागतं, नाहीतर अंदाज येतो आणि सगळे "बघू उद्या" म्हणतात.

शेवटची पायरी: बंद करणं

कोणती गाडी कधी सोडायची, उरलेला माल कुणाला द्यायचा, मुदत संपणारं काय आहे, हे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच ठरवायला घ्या, कारण भाड्याची गोडाऊनं कुणी आठवण केल्याशिवाय रिकामी होत नाहीत. मुदत संपलेली क्लोरीन पावडर आणि औषधं खड्ड्यात टाकायची नाहीत, विल्हेवाटीचा खर्च बजेटमध्ये पहिल्यापासून धरा.

आणि सगळे घरी जायच्या आधी एक तास काढून प्रत्येक सप्लायरसमोर दोन तारखा लिहा, ऑर्डर दिली कधी आणि माल गोडाऊनला उतरला कधी. पुढच्या वर्षी करार करताना साठा किती दिवसांचा ठेवायचा ते या दोन तारखांमधल्या फरकावरून काढा, कोटेशनमध्ये "७ दिवसांत डिलिव्हरी" असं जे छापलेलं असतं त्यावरून नको.